शहापूरच्या बोळातलं आमचं घर आणि आर्किटेक्ट मॅडम : दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार

घर होऊन दोन पावसाळे झाले म्हणून आता लिहायलोय. वास्तुशांतीच्या आठवड्यातच लिहिणार होतो, खरं म्हटलं थांबूया, नव्या रंगाचा वास असेपर्यंत सगळीच घरं भारी वाटतात, बेळगावचा जून-जुलै अंगावर घेतला की मग घराची आणि ते डोक्यातनं काढणाऱ्याची दोघांची परीक्षा होते.

मॅडमचं नाव इथं टाकत नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे १९८९ चे नियम आहेत, त्यात आर्किटेक्टनं आपल्या कामाची जाहिरात करू नये असं आहे, म्हणून त्यांनीच सांगितलं की नाव नको, कामाबद्दल काय लिहायचं ते लिहा, चुका पण लिहा. कोणाला पाहिजे असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देतो.

आधी जुन्या घराचं सांगायला पाहिजे, नाहीतर बाकीचं कळणार नाही. आजोबांनी बांधलेलं, १८ फूट रुंद आणि ५८ फूट खोल, दोन्ही बाजूला शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. शहापूर, वडगाव, खासबागकडच्या लोकांना असली घरं सांगायला नकोत. पुढं कट्टा, मग सोपा म्हणजे पुढची खोली, सोप्यात खड्ड्यातला हातमाग, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागं परडं. दीड फुटाच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर खानापूरची कौलं. आजोबा गेल्यावर माग बंद पडला, खड्डा बुजवला, त्यावर शहाबादी घातली, खरं आई अजून त्या जागेला 'मागावर' असंच म्हणायची, मागावर बस, मागावर झोप.

२०१९ च्या ऑगस्टात जो पाऊस झाला तो कोणी विसरलेलं नसणार. त्या आठवड्यात एका रात्री अडीच-तीनच्या सुमारास माजघराची भिंत बसली. पडली म्हणण्यासारखा आवाजच झाला नाही, कोणीतरी पोतं खाली ठेवल्यासारखा धप्प आवाज आला आणि नंतर कौलं घसरत राहिली. आई त्या दिवशी माजघरात गळायलंय म्हणून सोप्यात मागावर झोपली होती, म्हणून वाचली. एवढंच. ह्याच्यावर जास्त लिहवत नाही.

मग वडगावात भाड्यानं राहिलो, मध्ये कोरोना, शेवटी २०२१ च्या शेवटी ठरवलं की बांधायचंच. पहिल्यांदा जे सगळे करतात तेच मी केलं, प्लॅन काढून देणाऱ्या एका माणसाकडं गेलो, नाव घेत नाही. ६ हजार घेतले, दोन दिवसात प्लॅन हातात. तो माणूस जागेवर एकदा पण आला नाही. उत्तर दिशेचा बाण आमच्या घराच्या बरोब्बर उलट्या बाजूला होता आणि दोन्ही बाजूच्या भिंतीत खिडक्या दाखवलेल्या, म्हणजे शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात उघडणाऱ्या. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला, ड्रॉइंग वाचणं आमचं रोजचं, त्यामुळं हे लगेच दिसलं. रागारागानं ग्राफ पेपर आणला आणि स्वतःच प्लॅन काढला, पुढं गाडीचं पार्किंग, मग हॉल, किचन, दोन बेडरूम, वर दोन खोल्या. मापं अगदी बरोबर. मला मनापासून वाटायचं की घराचं ड्रॉइंग म्हणजे पार्टचं ड्रॉइंगच, फक्त मोठं.

कामावरच्या एका दोस्तानं मॅडमचं सांगितलं. माझं पहिलं वाक्य जे आपल्याकडं सगळ्यांचं असतं तेच होतं, अरे आर्किटेक्ट म्हणजे हिंदवाडी-भाग्यनगरच्या बंगल्यावाल्यांचं काम, आपल्या बोळात कशाला. तो म्हणाला जाऊन तर ये, बोलायचे पैसे घेत नाहीत.

पहिली भेट त्यांच्या ऑफिसात झालीच नाही. जागा बघितल्याशिवाय बोलत नाही म्हणाल्या आणि जूनमध्ये पाऊस चालू असताना मुद्दाम आल्या. अर्धं घर उभं होतं अजून, सोपा आणि स्वयंपाकघर. छत्री घेऊन बोळाच्या तोंडापासनं चालत आल्या, पाणी कुठनं येतं, कुठं थांबतं ते बघत. मग आईला म्हणाल्या, काकू, चहा करा की. आईला बरं वाटलं. मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि आई चहा कशी करते ते बघत राहिल्या. पातेलं फळीवरनं काढायला हात किती वर जातो, पाण्याला किती वेळा मागं परड्यात जाते, उंबरा ओलांडताना चौकटीला कुठं हात लावते. नंतर टेप काढून आईच्या हाताची उंची मोजली, पायरी चढताना गुडघा किती वाकतो ते बघितलं. आईनं विचारलं, पोरी, घर मोजायचं सोडून मला काय मोजायलीस? त्या म्हणाल्या घर तुमच्याच मापाचं पाहिजे की, काकू.

माझा ग्राफ पेपर त्यांनी शांतपणे बघितला, मापं बरोबर आहेत म्हणाल्या, आणि एकच प्रश्न विचारला, दुपारी बारा वाजता ह्या मधल्या बेडरूममध्ये दिवा लावायला लागेल का? मी गप्प बसलो. कारण लागला असता, सकाळी आठला पण लागला असता.

भिंत का बसली हे पण त्यांनीच सांगितलं, आणि हे जुनी मातीची घरं असलेल्या प्रत्येकानं वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही समजायचो की माती ती माती, जुनी झाली, पडली. तसं नव्हतं. आजोबांच्या वेळी जोतं रस्त्यापासनं दोन फूट वर होतं. बोळ आधी खडीचा झाला, मग डांबरी, मग काँक्रीट, दरवेळी जुनं न उकरता वरनंच घातलं, आणि जोतं राहिलं सहा इंच. म्हणजे पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशीच मुरायला लागलं. त्यात १५-१६ वर्षांपूर्वी आम्हीच हौसेनं आतनं-बाहेरनं सिमेंटचा गिलावा करून घेतला, घर पक्कं दिसावं म्हणून. मॅडमनी पडलेल्या भिंतीचा एक मोठा ढेकूळ उचलून दाखवला, बाहेरनं सिमेंटची कडक साल आणि आत माती ओलीचिक्क, बोटानं दाबली की लोण्यासारखी. मातीच्या भिंतीत ओल शिरते आणि तशीच वाऱ्यानं बाहेर पण जाते, सिमेंटनं तिची वाट बंद होते, मग ती आतल्या आत कुजते. पूर्वीचे लोक माती-शेणाचा नाहीतर चुन्याचा गिलावा करायचे आणि दर वर्षी सारवायचे ते ह्याच्यासाठी. तो ढेकूळ हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, कारण गिलाव्याचे पैसे मीच दिले होते, माझ्या पहिल्या बोनसचे.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी त्यांच्या फीमध्ये कुठंच नव्हती. बोळातली आणखी सहा मातीची घरं आत जाऊन बघितली. शेजारच्या आज्जींच्या घराची मागची भिंत लांबनं सरळ दिसत होती, मॅडमनी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला तर मधनं तीन इंच बाहेर. म्हणाल्या, पोट सुटलंय भिंतीचं, ह्या खोलीत झोपू नका आज्जी, आणि आधी ती फुटकी पन्हळ बदला. पन्हळ बदलायला ७०० रुपये गेले. ती भिंत अजून उभी आहे, नंतर आत लाकडाचे टेकू दिले आणि बाहेरचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. मला आर्किटेक्ट म्हणजे काय हे कळलं ते त्या ओळंब्यामुळं, प्लॅन तर नंतर बघितला.

आता थोडं कोण काय असतं ते, कारण आपल्याकडं सगळा घोळ आहे, सगळ्यांनाच इंजिनियर म्हणतात. आर्किटेक्ट हे नाव लावायला पाच वर्षांचं बी.आर्क. करून १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणं कौन्सिलकडं नोंदणी लागते, CA ह्या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्यात नोंदणीचं वर्ष पण असतं, तुम्ही कौन्सिलच्या वेबसाईटवर तपासू शकता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा कायदा आर्किटेक्ट ही पदवी वापरण्यापुरता आहे, डिझाईनचं काम दुसऱ्यांनी करायला कायद्यानं बंदी नाही. म्हणजे प्लॅन कोणी पण काढून देईल, फक्त आर्किटेक्ट म्हणवून घेता येणार नाही. म्हणून बोर्ड न बघता नंबर विचारा. लोखंड किती, पाया किती खोल हे स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम, तो वेगळा. बांधणारा कॉन्ट्रॅक्टर वेगळा. आणि वास्तुशास्त्रवाले तर एकदमच वेगळे, आमचे मामा शेवटपर्यंत मॅडमना वास्तुवाल्या समजत होते.

वास्तूवरनं आईचा आग्रह होता. मॅडम ह्या बाबतीत खूप चांगल्या वागल्या, आईला हसल्या नाहीत आणि उगाच हो ला हो पण केलं नाही. आग्नेयेला स्वयंपाकघर पाहिजे, बसतंय, सकाळचं ऊन पण येतं, करूया. देवघर ईशान्येला, करूया. खरं जिना नैऋत्येला नेला तर न्हाणीत खिडकीच राहत नाही काकू, आणि खिडकी नसली की ओल, मग तुमचा दमा, आता तुम्ही सांगा. आईनंच सांगितलं जिना राहू दे तिकडंच.

डिझाईनचं मुख्य काय तर मधोमध त्यांनी ५ बाय ७ फुटाचा चौक सोडला. मी भांडलो. ३५ स्क्वेअर फूट म्हणजे शहापुरात किती पैसे ते सगळ्यांना माहीत आहे, तेवढ्यात एक बाथरूम होतं. त्यांनी सांगितलं की दोन्ही बाजू बंद असलेल्या ५८ फूट लांब घरात उजेड पुढनं बारा-पंधरा फूट आणि मागनं तेवढाच आत येतो, मधलं सगळं बोगदा. चौकावर दुसऱ्या मजल्याच्याही वर दीड फूट उचलून पारदर्शक पत्रा घातलाय आणि त्या दीड फुटाला चारी बाजूनं जाळी. गरम हवा हलकी होऊन वर जाते, जाळीतनं बाहेर पडते, तिची जागा घ्यायला पुढच्या दारातनं आणि परड्यातनं गार हवा आत येते. कागदावर मला हे पटलं नव्हतं. आता एप्रिलमध्ये दुपारी अडीचला चौकाच्या कडेला बसलं तर पायाला वारा लागतो, उदबत्ती लावून बघितली मी, धूर सरळ वर न जाता आधी चौकाकडं वळतो आणि मग वर. दिवसा कुठल्याच खोलीत दिवा लागत नाही.

कट्ट्यावरनं तर मोठंच भांडण झालं. मला पार्किंग पाहिजेच होतं, सेकंडहँड कार घ्यायचं चाललं होतं. मॅडमनी तीन रविवार घेतले त्या विषयावर. जबरदस्ती केली नाही, मला म्हणाल्या एक आठवडा संध्याकाळी कट्ट्यावर कोण कोण बसतं ते फक्त लिहून काढा. मी लिहिलं. वाटाणे सोलायला समोरच्या काकू, क्लासला जायच्या आधी चार पोरं, दूधवाला कॅन ठेवून पाच मिनिटं, रिटायर्ड गुरुजी पेपर घेऊन, शेजारच्या आज्जी जिना चढता येत नाही म्हणून दम खायला, आणि आई तर रोजच. सात दिवसात ३१ माणसं. ती यादी बघून मीच म्हटलं राहू दे कट्टा.

नंतर त्यांनी मोबाईलवर इंदूरच्या अरण्य वसाहतीचे फोटो दाखवले, बाळकृष्ण दोशींचं काम. दोशी आपल्या पुण्यात जन्मले, १९२७ साली, घरचा फर्निचरचा धंदा, मुंबईच्या जे.जे. मध्ये शिकले आणि २०१८ मध्ये आर्किटेक्टना मिळणारा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय. अरण्य म्हणजे गरिबांसाठीची वसाहत, साडेसहा हजाराच्या आसपास घरं, आणि त्यातल्या घरांना पुढं ओटा आहे, बसायला, गप्पा मारायला, छोटा धंदा मांडायला. काही घरं पूर्ण बांधून न देता फक्त जोतं आणि न्हाणी-संडास दिलेले, बाकीचं लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणं वाढवत न्यायचं. एवढा मोठा माणूस गरिबाच्या ओट्याचा विचार करत बसला होता, आणि मी चारचाकीसाठी आजोबांचा कट्टा उडवायला निघालो होतो. कार घेतली नाही अजून. बाईक कट्ट्याच्या बाजूला खोबणीत बसते, त्याची जागा त्यांनी हँडलसकट मोजून काढलीय.

कामाला सुरुवात करायच्या आधी आणखी एक शिस्त बघितली, ही बोळात राहणाऱ्यांना फार महत्त्वाची. दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींचे, तड्यांचे तारखेसकट फोटो काढले, त्यांना दाखवले, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. म्हणजे नंतर तडा जुना का नवा ह्याच्यावरनं भांडण नको. आणि पाया सगळा एकदम खणू दिला नाही. कॉन्ट्रॅक्टर जेसीबी आणणार होता, मॅडम म्हणाल्या हातानंच, आणि शेजारच्या बाजूला एका वेळी एकच खड्डा, तो काँक्रीटनं भरायचा, मग एक सोडून पुढचा. नाहीतर आज्जींची मातीची भिंत खालनं सुटते. ह्याच्यात १८ दिवस जास्त गेले, मजुरी पण वाढली. आपल्या भागात नवीन घर बांधताना शेजारचं जुनं घर खचल्याचे किस्से किती आहेत, तुम्हालाच माहीत.

लाईन आउटच्या, म्हणजे जागेवर भिंतींच्या रेषा आखायच्या दिवशी कळलं की आमची जागा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाहीच, मागच्या बाजूला ७ इंच वाकडी. गवंडी मामांनी दोरी लावून ३-४-५ मापाचा त्रिकोण करून काटकोन दाखवला. मामा बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे, मराठी तोडकंमोडकं, आणि ड्रॉइंग सगळं इंग्लिशमध्ये मिलिमीटरमध्ये. पहिल्या महिन्यात ह्याच्यामुळं दोन चुका झाल्या. मग मॅडमनी काय केलं तर प्रत्येक खोलीत कच्च्या भिंतीवरच विटकरीच्या तुकड्यानं मापं लिहून ठेवली, फूट-इंच-सूत मध्ये, कन्नड आकड्यात, आणि दाराच्या जागी दाराचं, खिडकीच्या जागी खिडकीचं चित्र, आहे त्या आकारात. मामा खूष. परवानगीचे कागद कन्नडमध्ये होते, त्यातलं प्रत्येक पान आईला मराठीत वाचून दाखवूनच सही घेतली, आईनं आयुष्यात पहिल्यांदा सही करायच्या आधी कागद ऐकला असेल.

स्लॅबचा दिवस मी विसरणार नाही. माणसं आलेली, मिक्सर चालू, आईनं जेवणाला शिरा-पुरी सांगितलेली, आणि मॅडम सकाळी सात वाजता सेंट्रिंगवर चढून वाकून वाकून बघायल्यात. एका पट्ट्यात सळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी उचलून धरणारे छोटे ठोकळे, नव्हते, सळी सरळ फळीला टेकलेली. म्हणजे स्लॅब झाल्यावर ती सळी खालनं उघडीच राहणार, आपल्या दमट हवेत गंजणार, फुगणार आणि काँक्रीटचे पोपडे पाडणार, जुन्या बिल्डिंगांच्या गच्चीखाली जे दिसतं ते. फिटर म्हणाला चालतंय की मॅडम. त्यांनी मिक्सर बंद करायला लावला. दोन तास सगळे बसून. मला तर अगदी पोटात गोळा आला, वर आभाळ आलेलं. मग ब्लॉक बसवून घेतले आणि भरणी सुरू, तेवढ्यात एक पोरगा माल पातळ व्हावा म्हणून पाईप धरून पाणी घालायला लागला, तो पण थांबवला. काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं की सरकायला सोपं होतं खरं ताकद कमी होते, आणि नंतर तेच पाणी उडून गेलं की बारीक भोकं राहतात, पावसाचं पाणी त्यातनंच झिरपतं. काँक्रीटचे सहा क्यूब, म्हणजे ठोकळे, भरून घेतले ताकदीच्या टेस्टला, तीन ७ दिवसाचे, तीन २८ दिवसाचे. दुसऱ्या दिवसापासनं स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफ्यासारखं पाणी साठवलं, १४ दिवस, ते बघायचं काम आईकडं दिलं आणि आईनं ते देवाच्या पूजेसारखं केलं. दोन पावसाळ्यात एक टिपका गळला नाही.

जुन्या मालाचं पण सांगतो. मी सगळं भंगारात घालणार होतो. मॅडमनी लॉरी बेकरचं सांगितलं, ब्रिटिश माणूस, १९४५ मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला, केरळात जागेवर मिळेल ते सामान आणि पाडलेल्या घरातला चांगला माल वापरून स्वस्तात घरं बांधत राहिला. आमच्या सागवानी तुळयांना वाळवी नव्हती, त्या चिरून जिन्याच्या पायऱ्या झाल्या, सहा इंच उंचीच्या, आईच्या गुडघ्याच्या मापाच्या. चौकटी पण त्यातल्याच. परड्याकडच्या पडवीवर जुनी खानापुरी कौलं परत बसली. आणि सोप्यात जिथं माग होता तिथल्या भिंतीत एक छोटी देवळी केली, आत आजोबांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, ठेवलाय. हे माझ्या डोक्यात पण नव्हतं. त्यांनी पाडकामाच्या ढिगातनं तो स्वतः उचलून पदरानं पुसून आईच्या हातात दिला होता.

आता एक स्टार का कापला.

पहिलं, वेळ. ९ महिने सांगितले आणि १४ लागले. १८ दिवस पायाचे मी समजू शकतो, खरं मध्ये सव्वा महिना फक्त खिडक्यांच्या ड्रॉइंगची वाट बघण्यात गेला, आणि त्या काळात आमचं भाडं चालूच होतं.

दुसरं, जुनं-नवं ड्रॉइंग. वरच्या खोलीची खिडकी बदललेली, नवा कागद माझ्याकडं आला आणि साईटवर जुनाच राहिला. खिडकी चुकीच्या जागी झाली, फोडून परत केली, ९ हजार गेले. मॅडमनी चूक आपली म्हणून मान्य केली आणि ते पैसे फीमधनं कमी केले, हे चांगलं, तरी पण आमच्या कंपनीत असं झालं तर जुनं ड्रॉइंग परत घेतल्याशिवाय नवं देतच नाहीत, ते मी त्यांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

तिसरं, छज्जा. स्वयंपाकघराच्या परड्याकडच्या खिडकीवर दीड फुटाचा केला, आणि जुलैत वाऱ्यासकट जो आडवा पाऊस येतो तो सरळ ओट्यावर. पहिल्या पावसाळ्यात आईचं पीठ भिजलं. नंतर वर पत्र्याचा जोड दिला, आता ठीक आहे. खरं बेळगावात काम करणाऱ्यानं आडवा पाऊस आधीच धरायला पाहिजे होता.

चौथं, फोन. आठवड्यात दोनदा साईटवर यायच्या ते नेमानं यायच्या, मध्ये फोन लावला तर कधी कधी दोन दोन दिवस परत नाही. हे पण समजून घ्या की आर्किटेक्ट म्हणजे रोज दिवसभर उभा राहणारा सुपरवायझर नाही, ठराविक वेळा येऊन तपासणं एवढंच त्यात येतं, रोजचं बघायला तुम्हाला घरातलं कोणीतरी नाहीतर वेगळा माणूस पाहिजे. मला हे कळायला दोन महिने गेले, ते त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला पाहिजे होतं.

पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. बांधकाम दोन्ही मजले मिळून १४५० स्क्वेअर फूट, खर्च २९ लाख, मॅडमची फी ६ टक्के म्हणजे १ लाख ७४ हजार, त्यातनं ते ९ हजार वजा. स्ट्रक्चरल इंजिनियरचे पैसे त्यातच. एकदम द्यायला लागले नाहीत, डिझाईन, परवानगी, पाया, स्लॅब, फिनिशिंग असे टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्याचं कागदावर लिहून सही. महाग का, तर ६ हजारवाल्या प्लॅनच्या मानानं महागच. तुळया-कौलं वाचली त्याचेच मात्र सुताराच्या हिशोबानं लाखभर झाले.

एक गोष्ट अजून चालू आहे. बोळाचं काँक्रीट परत करायचं ठरलं तेव्हा मॅडम स्वतः येऊन बोळातल्या सगळ्यांबरोबर बसल्या, आमच्याच कट्ट्यावर, आणि पाण्याच्या नळीनं प्रत्येक घराच्या जोत्याची लेव्हल काढून एका कागदावर लिहून दिली, १४ घरांची. जुनं उकरूनच नवं घाला असा अर्ज सगळ्यांच्या सहीनं दिलाय, सोबत तो कागद जोडून. उत्तराची वाट बघायलोय. कागदाची एक कॉपी आज्जींनी देवघरात ठेवलीय.

जाणार असाल तर पहिल्या भेटीला उतारा, जागेचं माप, आणि घरात कोण कोण राहतं, कोणाला काय दुखणं आहे ते सगळं लिहून न्या, फोटोतले बंगले दाखवू नका. जमलं तर पावसाळ्यातच बोलवा. आमचं घर बघायचं असेल तर मेसेज करून रविवारी दहानंतर या, आधी चौक बघा, मग जिना. बसायला जागा नाही मिळाली कट्ट्यावर तर जरा थांबा, गुरुजींचा पेपर साडेदहापर्यंत संपतो.